वाणीचे वैद्य

अडखळत बोलणाऱ्या माणसाची थट्टा जगातील सर्वच समाजांनी केली आहे. त्याची चिकित्सा करण्याचे मात्र फार उशिरा कोणाच्या मनात आले. वाचादोष म्हणजे हट्टीपणा, भित्रेपणा किंवा दैवाचा कोप, अशीच सामान्य समजूत होती. या दोषाचा अभ्यास विद्यापीठात व्हावा आणि त्यासाठी उच्च पदवी असावी, ही कल्पना विसाव्या शतकातली असून, तिला आकार देण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान प्रांताच्या विद्यापीठाकडे जाते.

तेथील पदव्युत्तर विभागाचे प्रमुख कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ होते. वाणीचा उगम केवळ मनात नाही, केवळ कंठात नाही आणि केवळ मेंदूतही नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून ली एडवर्ड ट्रॅव्हिस या तरुण विद्यार्थ्याला मानसशास्त्राच्या जोडीने शरीरशास्त्र आणि मज्जासंस्थेचे ज्ञान मिळावे अशी योजना त्यांनी आखली. ट्रॅव्हिस यांना 1924 साली डॉक्टरेट मिळाली. पुढल्याच वर्षी या विषयाच्या अभ्यासकांची संघटना अमेरिकेत स्थापन झाली, आणि 1927 पासून आयोवाचे वाचाचिकित्सालय ट्रॅव्हिस यांच्या हाती आले.

या चिकित्सालयाचे वैशिष्ट्य असे की, तेथे रुग्ण म्हणून येणारेच पुढे विद्वान झाले. वेंडेल जॉन्सन बालपणापासून चाचरत बोलत. 1926 साली ते आयोवास आले. मेंदूच्या दोन अर्धगोलांतील वर्चस्वाचा गोंधळ हे चाचरण्याचे मूळ, असे तेथील तत्कालीन मत होते. त्याची परीक्षा पाहण्यासाठी जॉन्सन यांचा उजवा हात जखडून ठेवण्यात आला. वाणी काही सुधारली नाही, परंतु जिज्ञासा वाढली. 1931 साली जॉन्सन डॉक्टर झाले. चार्ल्स व्हॅन रायपर हेही चाचरणारेच. त्यांनी 1934 साली तीच पदवी मिळविली.

जॉन्सन यांच्या मनात एक निराळीच उपपत्ती घोळत होती: लहान मुलाचे अडखळणे स्वाभाविक असते, वडीलधारे त्याला दोष म्हणतात, आणि त्या शब्दानेच दोष जडतो. ही उपपत्ती पारखण्यासाठी 1939 साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधासाठी डेव्हनपोर्टच्या अनाथालयातील 22 मुले निवडली. त्यांपैकी सहा मुले नीट बोलणारी असूनही, तुमच्या बोलण्यात चाचरण्याची लक्षणे आहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका, असे त्यांच्या मनावर बिंबविण्यात आले. पुढील काळातील चिकित्सक परीक्षणानुसार त्यांना चाचरण्याचा दोष जडल्याचे सिद्ध होत नाही. परंतु काही मुले अबोल झाली, संकोचली. झालेली हानी भरून काढण्याचा प्रयत्न ट्यूडर यांनी नंतर पुन्हा तेथे जाऊन केला. मुलांना मात्र सत्य सांगितले गेले नाही. प्रबंध ग्रंथालयातच राहिला. 2001 साली वृत्तपत्राने तो प्रकाशात आणल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली, आणि 2007 साली आयोवा राज्याने 9,25,000 डॉलर देऊन दावा मिटविला. तोवर त्या मुलांचे वार्धक्य आले होते.

वाणीच्या शास्त्राने वाणीनेच केलेली ही इजा होय. तज्ज्ञाचा शब्द हेदेखील शस्त्रक्रियेतील पात्यासारखे साधन आहे, आणि ते हाती देण्यापूर्वी हाताची परीक्षा झाली पाहिजे, हा तिचा बोध. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखम होऊन वाचा गमावलेले सैनिक परतले, तेव्हा शिक्षित चिकित्सकांची निकड वाढली. 1965 पासून अमेरिकेतील व्यवसायसंघाच्या प्रमाणपत्रासाठी एम. ए. किंवा तत्सम पदवी अनिवार्य ठरली. आज तेथे त्या प्रमाणपत्रासाठी 400 तासांचा प्रत्यक्षानुभव लागतो. त्यांतील 25 तास केवळ निरीक्षणाचे. उरलेले 375 तास विद्यार्थी रुग्णासमोर बसतो, पण अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था त्याच 1965 साली स्थापन झाली, आणि 1983 साली मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. चाचरणाऱ्या मुलाला घेऊन आईबाप अशा दारी येतात, तेव्हा ते तज्ज्ञाच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याची वाट पाहत असतात. ते वाक्य जपून उच्चारण्याची पात्रता अंगी बाणविणे, हेच या साऱ्या अध्ययनाचे सार होय.