एका बोटाची खिडकी

सन १८९६, सप्टेंबरची संध्याकाळ. सकाळी लंडनहून निघालेले तुम्ही उत्तर वेल्समधल्या बेतुस-अ-कॉइडच्या फलाटावर उतरता, तेव्हा पाऊस भुरभुरत असतो. दिवसभराच्या प्रवासाने कपड्यांना कोळशाचा वास लागलाय. रूळ इथवर १८६८ मध्ये आले. त्याआधी या दरीत यायचे ते चित्रकार. आता सुट्टीसाठी शहरी कुटुंबं येतात आणि त्यांना उतरायला काळपट दगडाची, उंच कपाळाची घरं उभी राहिलीत. त्यातल्याच एका घरासमोर हमाल तुमची ट्रंक टेकवतो. त्याच्याकडून एक शब्द उचललाय तुम्ही: ‘डिओल्ख’, म्हणजे वेल्श भाषेत आभारी आहे.

मान वर करा. छपरावर जांभळट करडी पाटीच्या दगडाची कौलं पावसाने चमकताहेत. त्यांच्या मापांना खाणीत बायकांच्या पदव्या आहेत: २४ बाय १२ इंचांची ती ‘डचेस’, २० बाय १०ची ‘काउंटेस’. छपराच्या तिरक्या कडांना लाकडी फळ्या आहेत, झालरीसारख्या कातरलेल्या. खाली भिंतीतून पुढे आलेली तीन तोंडांची खिडकी. तिच्या एवढ्या मोठ्या, अखंड काचा पन्नास वर्षांपूर्वी अशा घराला परवडल्या नसत्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. मग घरांनी डोळे उघडले.

आत पाऊल टाकलंत की खाली तांबड्या-पिवळ्या फरश्यांची नक्षी. ही वरून रंगवलेली नाही. साच्याने ओल्या मातीत खळगे पाडायचे, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि मग भाजायचं. म्हणून चिखलाचे बूट कितीही फिरोत, नक्षी लवकर पुसत नाही. बैठकीत खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल अंथरलेत. पुरुषमंडळी केसांना मकासर तेल चोपडतात, त्याचे डाग कापडावर पडू नयेत म्हणून. तेलकट डोक्यांपासून घर वाचवायची युक्ती आपल्याला नवी वाटायचं कारण नाही.

घरमालकीण मेणबत्ती हातात देते. गालिचा अंथरलेला रुंद जिना, गुळगुळीत कठडा, वळणावर रंगीत काच. वरच्या मजल्यावर तुम्ही चुकून भलतंच दार उघडता. आत दुसरा जिना: अरुंद, उभा, उघड्या लाकडाचा. खालून मटण शिजल्याचा वास आणि वेल्श बोलण्याचा गलबला. मघाशी दारात तुमच्याशी जपून इंग्रजी बोललेली मुलगी खाली हसतेय. तिच्या डोक्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीला, स्प्रिंगवर टांगलेल्या घंटांची रांग आहे. प्रत्येक खोलीची एक. तुम्ही दार हळूच लावून घेता.

खोलीत पितळी पलंग, लोखंडी शेगडीत पेटलेला कोळसा, संगमरवरी माथ्याच्या मेजावर चिनी मातीची सुरई आणि तस्त. नळ नाही. शेगडीजवळची घंटेची मूठ ओढता. भिंतीतून गेलेली तार खाली कुठेतरी किणकिणते. थोड्या वेळाने तीच मुलगी गरम पाण्याचा झाकणाचा डबा घेऊन दारात उभी. दम लागलाय, पण दाखवत नाही.

‘‘डिओल्ख,’’ तुम्ही म्हणता.

ती दचकते. मग उच्चार सुधारून परत म्हणून दाखवते, ‘ख’ घशातून खरवडत, आणि निघून जाते.

शेगडीने खोली तापलीय. खिडकीपाशी जा. तावदान चांगलंच जड आहे, तरी एका बोटाने सरकन वर जातं आणि सोडाल तिथे थांबतं. चौकटीच्या आत दोरी कप्पीवरून फिरते, तिच्या टोकाला तावदानाच्या तोलाचं लोखंडी वजन. काच वर गेली की ते खाली जातं. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तर खिडकी इतकी हलकी वाटते.

ओल्या रानाचा वास आत येतो. चौकटीत ते वजन एकदा लाकडावर आपटून स्थिर होतं. आणि पलीकडच्या भिंतीमागे, त्या उभ्या जिन्यावर, कोळशाची बादली पायरीपायरीने वर येत असते.