स्वारी

पुण्यातल्या स्वारगेटच्या नावात फारसी ‘सवार’ बसलाय. त्याचं प्राचीन इराणी रूप ‘असबार’, म्हणजे घोड्यानं वाहून नेलेला. त्यातला ‘अस’ आपल्या ‘अश्वा’चा भाऊबंद. स्वारांतही पायरी होतीच: स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. पुढे श्रीमंत पेशवे निघाले की ‘स्वारी’ निघे, मोहीमही स्वारीच. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांनी तोच मान त्याला घरात दिला. ‘स्वारी रुसलीय’ यात मात्र चिमटाही आला.

परवा संध्याकाळी स्वारगेटला शेअर रिक्षावाला ओरडत होता, ‘कात्रज, कात्रज!’ मी वाकून आत शिरलो. पुढून हुकूम आला, ‘काका, जरा सरका. अजून एक सीट येतीय.’