गीज बेंडच्या गोधड्या : एक वस्त्ररूप साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्यांना अक्षर शिकविणें हाच कायद्यानें अपराध ठरविला होता, त्यांचा इतिहास कोठें शोधावयाचा? अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत असा कायदा १८३२ सालीं झाला. त्याच संस्थानांतील गीज बेंड गांवच्या गोधड्या हें या प्रश्नाचें एक उत्तर आहे, असें आमचें मत आहे. त्या गोधड्यांचा व 'फ्रीडम क्विल्टिंग बी' या संस्थेचा संबंध नेमका काय, याचा येथें विचार करावयाचा आहे.

गीज बेंड हें विल्कॉक्स परगण्यांत अलाबामा नदीच्या मोठ्या वळणांत वसलें आहे. १८१६ सालीं जोसेफ गी यानें तेथें कापसाचा मळा घातला. १८४५ सालीं तो मार्क पेटवे याच्याकडे गेला. त्यानें सुमारें शंभर गुलाम उत्तर कॅरोलिनांतून पायीं चालवीत आणले. आजहि गांवांतील अनेकांचें आडनांव पेटवे हेंच आहे. १८६५ नंतर गुलामगिरी गेली, पण जमीन मिळाली नाहीं. बटाईची शेती व सावकाराचें देणें राहिलें. १९३२ सालीं एका मृत व्यापाऱ्याच्या येण्यापोटीं लोकांचीं गुरें, अवजारें व धान्य ओढून नेण्यांत आलें. अशा ठिकाणीं पांघरूण विकत घेणें शक्यच नव्हतें. तें जुनेऱ्यांतून करावें लागे.

करण्याची रीत अशी. जुने पायजमे, सदरे, झगे व पिठाच्या पिशव्या फाडून पट्ट्या करावयाच्या व त्या जोडून वरचा पदर तयार करावयाचा. हें काम प्रत्येक बाई आपल्या घरीं एकटी करी. मग वरचा पदर, मध्यें पिंजलेला कापूस व खालीं अस्तर अशीं तिन्ही लांकडी चौकटीवर ताणून चौघीजणी भोंवतीं बसत व धावदोरा घालीत. अशा सामुदायिक शिवणकामाच्या बैठकीस तिकडे 'बी' म्हणतात. आमच्याकडील गोधडींतहि धावदोराच असतो. मात्र तेथें चौकट व कापूस अधिक.

वरच्या पदराची आंखणी आधीं कागदावर नसे. 'हाउसटॉप' या प्रकारांत मध्यें एक तुकडा ठेवून त्याच्या चारी बाजूंनीं पट्ट्या लावीत जावयाचें. पट्टी संपली तर दुसऱ्या रंगाची जोडावयाची. कोन वांकडा झाला तर पुढची पट्टी त्याच अंगानें वळवावयाची. हें नियमाचें अज्ञान नव्हे. सूत्र ठाऊक असलेल्यानेंच अपवाद कोठें करावा हें जाणावें, तसा हा प्रकार आहे.

या वस्त्रांस साधन कां म्हणावें, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९४२ सालीं मिसूरी पेटवे हिनें मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी व ती अंगावर घेतां यावी, हा तिचा हेतु होता, असें तिची कन्या आर्लोंझिया हिनें पुढें सांगितलें. विरलेलें कापड व ठिगळें यांत त्या माणसाचे श्रम दिसतात.

आतां संस्थेकडे वळूं. १९६५ च्या डिसेंबरांत फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकानें दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. मतदानाच्या हक्काच्या चळवळींत पडल्यामुळें अनेक कुटुंबांचीं घरें व कामें त्या वेळीं गेलीं होतीं. गोधड्यांचा न्यूयॉर्कांत लिलांव करावा असें ठरलें व मार्च १९६६ मध्यें फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था स्थापन झाली. एस्टेल विदरस्पून यांनीं तिचा कारभार दीर्घकाळ पाहिला. संस्थेनें जमीन घेतली, शिवणगृह बांधलें व हुसकावलेल्या कांहीं कुटुंबांस घरांसाठीं जागा दिली. ती २०१२ सालीं बंद झाली.

२००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत गीज बेंडच्या गोधड्या मांडल्या गेल्या व त्यांची कीर्ति झाली. त्यामुळें त्या सर्व या संस्थेंतच तयार झाल्या, असा समज होण्यासारखा आहे. पण तो साधार नाहीं. मोठ्या दुकानांस एकाच मापाचा, एकाच नमुन्याचा माल हवा असे. तेथें हाताला वाटेल तसें वळण घेण्यास वाव नव्हता. कीर्ति पावलेल्या गोधड्या बहुतांशीं घरच्या वापरासाठीं केलेल्या आहेत. तथापि दोहोंचा संबंध तुटकहि नव्हता. १९७२ सालीं सीअर्स कंपनीनें कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे संस्थेकडून करवून घेण्यास आरंभ केला. त्याचे उरलेले तुकडे बायकांनीं घरीं नेले व त्यांतून मनासारख्या गोधड्या केल्या. संस्थेनें पोट व मान राखला. घरानें कला राखली. एकीचें श्रेय दुसऱ्यास देणें हा दोघांवरहि अन्याय होय.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मिसूरीच्या गोधडीचा अर्थ आज लागतो, तो कन्येची साक्ष वेळेवर टिपून ठेवली म्हणून. ती नसती तर तें एक जुनें वस्त्र राहिलें असतें. आमच्या घरोघरच्या ट्रंकांतहि आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या पडल्या आहेत. ज्यांस त्यांची माहिती आहे अशीं माणसें हयात आहेत तोंवर करणारीचें नांव, गांव, अंदाजें साल व कोणतें कापड कोणाचें, एवढें लिहून त्या गोधडीबरोबर ठेवावें. एवढ्यानें पांघरुणाचें साधन होतें.