कवींद्राचार्यांचा ग्रंथसंग्रह आणि ऑनलाइन सूचीतील स्वामित्वनोंद

काशीचे कवींद्राचार्य सरस्वती यांच्या नावाशी जोडली गेलेली ग्रंथसूची आर. अनंतकृष्ण शास्त्री यांनी १९२१ साली गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये प्रसिद्ध केली. तीत दोन हजारांहून अधिक ग्रंथनामे आहेत. तेव्हापासून संस्कृत वाङ्मयाच्या कालनिर्णयात अभ्यासक तिचा आधार घेत आले आहेत. एखादा ग्रंथ या सूचीत आढळला, की तो कवींद्राचार्यांच्या अखेरीपूर्वी, म्हणजे ढोबळ मानाने १६७५ पूर्वी, रचला गेला असला पाहिजे, असे अनुमान केले जाते. हे अनुमान सूची खरोखर त्यांच्याच संग्रहाची आहे या गृहीतावर उभे आहे. ते गृहीत तपासण्याचे साधन आज ऑनलाइन सूचींच्या रूपाने आटोक्यात येऊ शकते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

संग्रह होता, याविषयी शंका नाही. कवींद्राचार्य हे मूळचे गोदातीरीचे ऋग्वेदी आश्वलायन ब्राह्मण. संन्यास घेऊन ते काशीस राहिले. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरील कर त्यांनी शाहजहानकडे रदबदली करून माफ करविला. त्याबद्दल पंडितांनी त्यांना अर्पण केलेली स्तुतिपद्ये ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या संग्रहात आहेत. फ्रेंच प्रवासी बर्निये याने आपल्या १६६७ च्या पत्रात काशीच्या एका पंडितप्रमुखाचा निर्देश केला आहे. त्याला बादशहाकडून दोन हजार रुपयांचे वर्षासन होते व ते औरंगजेबाने बंद केले, असे तो सांगतो. काशीत ग्रंथांनी भरलेले एक मोठे दालन पाहिल्याचेही तो नमूद करतो. बर्निये नाव देत नाही. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असे पुण्याचे प. कृ. गोडे यांनी प्रतिपादन केले.

त्याच गोड्यांनी पुढे, ही सूची कालनिर्णयाचे विश्वसनीय साधन मानता येईल काय, असा रोखठोक प्रश्न १९४० च्या दशकात उपस्थित केला. तो प्रश्न जितका गांभीर्याने घ्यावयास हवा होता तितका घेतला गेला नाही. सूचीत बव्हंशी नावेच आहेत. ती केव्हा लिहिली गेली व तीत मागाहून भर पडली किंवा कसे, हे नुसत्या नावांवरून ठरत नाही.

याहून बळकट पुरावा पोथ्यांवरच आहे. कवींद्राचार्यांच्या मालकीच्या पोथ्यांवर, बहुधा आरंभीच्या पत्रावर, ‘सर्वविद्यानिधान’ या पदवीसह त्यांचे नाव षष्ठीत घालून ‘पुस्तकम्’ असा निर्देश केलेला असतो. संग्रह पुढे विखुरला. त्यातील बऱ्याच पोथ्या बिकानेरच्या अनूपसिंहाने (राज्यकाल १६६९–१६९८) जमविलेल्या ग्रंथालयात आढळतात, इतर अन्यत्र गेल्या. अशी नोंद असलेली प्रत्येक पोथी संग्रहाची निःसंदिग्ध साक्षीदार होय. परंतु आपली सूचीपद्धती मुख्यतः ग्रंथनाम आणि ग्रंथकार यांभोवती रचलेली आहे. ऑफ्रेख्टपासून मद्रास विद्यापीठाच्या ‘न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम’पर्यंत हीच परंपरा चालत आली, आणि तिचे ऋण मोठे आहे, मात्र पोथी कोणाच्या घरातून आली हे तीतून सहजी कळत नाही. पत्रे आणि पत्रागणिक ओळी काटेकोर मोजणारे सूचिकार मालकाच्या नावाशी क्वचितच थांबलेले दिसतात.

ऑनलाइन सूची ही अडचण आपोआप दूर करीत नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने लक्षावधी पोथ्यांची माहिती संकलित केली. पण नोंदपत्रावर जे लिहिलेच नाही ते संगणक शोधून देऊ शकत नाही. स्वामित्वनोंदीसाठी स्वतंत्र रकाना हवा. तीत मूळ अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत आणि शोधासाठी मालकाचे एक ठराविक रूप शेजारी द्यावे. अन्यथा कवीन्द्र, कवींद्र आणि रोमन लिप्यंतरातील नाना रूपे असे एकाच गृहस्थाचे चार गृहस्थ होतात. पोथीच्या त्या पत्राचे छायाचित्र जोडता आले तर उत्तमच.

वैयक्तिक ग्रंथसंग्रहांची अशी पुनर्मांडणी अन्यत्र झालेली आहे. अमेरिकेत टॉमस जेफरसन यांनी १८१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयास विकलेल्या ६,४८७ खंडांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८५१ च्या आगीत जळाले. तरी तो संग्रह ‘लायब्ररीथिंग’ या २००५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी जुन्या सूचींच्या आधारे पुन्हा नोंदविला. तेथे सूची प्रमाण होती, पुस्तके नष्ट झाली होती. आपल्याकडे स्थिती नेमकी उलटी आहे: पोथ्या बोलक्या आहेत, सूचीच संशयित आहे.

म्हणून कामाचा क्रम पोथ्यांकडून सूचीकडे असावा. स्वामित्वनोंद असलेल्या पोथ्यांची यादी पूर्ण झाल्यावर ती १९२१ च्या सूचीशी ताडून पाहावी. नोंद असलेल्या पोथ्या सूचीत मोठ्या संख्येने न सापडल्यास, सूचीवर विसंबून केलेले कालनिर्णय एकेक करून पुन्हा तपासावे लागतील. उलट, सूचीतील ग्रंथाची पोथी न मिळाल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पोथ्या नष्टही होतात. आरंभ बिकानेरपासून करणे सोयीचे, कारण तेथे एकाच छताखाली अशा पोथ्या पुष्कळ आहेत.