संकासुराच्या अंगणातून आभासी जगाकडे

चित्रासमोर उभे राहण्याऐवजी चित्रातच शिरावे, ही ओढ संगणकाने निर्माण केलेली नाही. रॉबर्ट बार्कर याने १७८७ साली गोलाकार चित्राच्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि पुढे प्रेक्षकाला चहूबाजूंनी चित्राने वेढले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड याने डोक्यावर चढवायचे संगणकीय दृश्ययंत्र दाखविले. मान वळली की दृश्यही वळे. १९९५ साली कॅनडाच्या चार डेव्हिस यांनी 'ऑस्मोज' ही कलाकृती सादर केली. तीत प्रेक्षक श्वास आत घेतला की वर तरंगतो, सोडला की खाली उतरतो. प्रेक्षकावाचून कलाकृती पुरी होत नाही, हा या आभासी वास्तवाचा गाभा.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला हे ऐकून दशावतार आठवला नाही तरच नवल. १७८० च्या दशकात डिचोली आणि १७८८ साली पेडणे सावंतवाडीकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्य बदलले, तरी दशावतार सीमेच्या दोन्ही अंगांना नांदत राहिला. देवळासमोर एक बाक आणि मागे पडदा, एवढ्यावर रात्र उभी राहते. लिखित संहिता नसते. संवाद जागच्या जागी सुचतात. आडदशावतारातला काळ्या वेषाचा संकासुर समोरच्या माणसांची फिरकी घेतो, आणि कोणी प्रत्युत्तर दिले की खेळ तिथून वळण घेतो. प्रेक्षकाच्या सहभागाची ही रीत आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीची आहे.

वेढून टाकणाऱ्या चित्राचीही उणीव नव्हती. मोरजीच्या मोरजाई देवळासारख्या ठिकाणची कावी कला पाहावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. चुकलेली रेघ पुसता येत नाही.

पणजीत डिसेंबर २०१६ पासून भरू लागलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने संगणकीय कलेलाही जागा दिली. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. डोक्यावर यंत्र चढविलेला माणस त्या जगात बहुधा एकटा असतो. दशावताराला बसलेला माणूस साऱ्या गावासोबत हसतो.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक देवळांतील कावी कायमची गेली. उरलेल्या भिंती चहूबाजूंनी टिपून ठेवणे, वृद्ध कलावंतांचा संकासुर ध्वनिचित्रित करणे, हे काम नव्या तंत्राने उत्तम होईल, आणि आमच्या शाळांतील मुलेही ते शिकू शकतील. पण यंत्रात प्रतिमा राहिली म्हणून भिंत पाडायला हरकत नाही, असे कोणी म्हणू लागले, तर त्याला गावाने वेळीच अडवले पाहिजे.