गोष्ट कानांनीं, इतिहास हातांनीं
(नभोवाणीवरील भाषण)



अमेरिकेच्या इतिहासांतील गोष्टी लहान मुलांना कशा सांगाव्या, आणि त्यांना हातांच्या कामाची जोड कशी द्यावी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. हातांचें काम ही केवळ करमणूक नव्हे. सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी, पुरती कीं अपुरी, हें पारखून घेण्याची ती एक कसोटी आहे. एवढेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

बाळ जॉर्ज वॉशिंग्टननें कुऱ्हाडीनें बापाचें चेरीचें झाड तोडलें आणि विचारतांच निर्भयपणें कबूल केलें, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. सत्य बोलावें, हें शिकविण्यासाठीं ती सांगतात. परंतु तिलाच विश्वसनीय आधार नाहीं. वॉशिंग्टन १७९९ सालीं वारला. पुढें मेसन वीम्स नांवाच्या चरित्रकारानें आपल्या ग्रंथाच्या १८०६ सालच्या आवृत्तींत ती घातली. ती मुलांना सांगूं नये, असें मी म्हणत नाहीं. सांगावी, पण तिची जन्मकथाहि लगेच सांगावी. मात्र अशा कल्पित गोष्टींतून हातांना काम मिळतें तें कागदाची कुऱ्हाड कापण्याचें. खऱ्या प्रसंगास हात लाविला, म्हणजे तो प्रसंग आपण होऊन बोलूं लागतो.

प्रथम मक्याची गोष्ट घेऊं. १६२० सालाच्या अखेरीस 'मेफ्लॉवर' जहाजांतून आलेले शंभरावर इंग्रज उतारू अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले. त्या हिवाळ्यांत त्यांतील सुमारें निम्मे मेले. वसंत ऋतूंत तिस्क्वांटम नांवाच्या तद्देशीय पुरुषानें उरलेल्यांना मका पेरावयास शिकविलें. बहुतेक बालपुस्तकें येथेंच थांबतात. पण त्या माणसास इंग्रजी भाषा कोठून येत होती? १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला कपटानें पकडून स्पेनमध्यें विकावयास नेलें होतें. तेथून सुटून तो इंग्लंडांत गेला आणि १६१९ सालीं मायदेशीं परतला, तों साथीच्या रोगानें त्याचें सारें गांव ओस पडलेलें! नवागतांनीं आपलीं घरें बांधलीं, तीं त्याच ओसाड गांवाच्या जागीं.

आतां हातांचें काम. पावसाळ्याच्या तोंडीं शाळेच्या आवारांत मातीचे लहान उंचवटे करून त्यांवर मका लावावा. रोपें वीतभर झालीं, कीं त्यांच्या भोंवतीं वेलीचा श्रावणघेवडा आणि मागाहून तांबडा भोपळा लावावा. मक्याच्या ताटांवर घेवडा चढतो. घेवड्याच्या मुळांवरील गांठी जमिनीला नत्र देतात. भोपळ्याच्या रुंद पानांखालीं ओल टिकते आणि तण दबतें. इरोक्वा लोक या तीन पिकांना तीन बहिणी म्हणतात, आणि तिन्ही पिकें मूळचीं अमेरिकेचींच. ही शेती ज्या मुलानें आपल्या हातांनीं केली, त्याच्या तोंडीं त्या लोकांविषयीं 'रानटी' हा शब्द सहसा येणार नाहीं.

दुसरी गोष्ट बोस्टनच्या चहाची. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बोस्टन बंदरांत तीन जहाजांवरील ३४२ पेट्यांतला चहा समुद्रांत गेला. चहा चीनचा, पण माल ईस्ट इंडिया कंपनीचा. जिच्या अमलाखालीं बंगालनें १७७० सालचा भीषण दुष्काळ सोसला, तीच ही कंपनी. चित्रांतून लोक अख्ख्या पेट्या उचलून फेकतांना दाखवितात. मुलांना येथें भागाकार करावयास लावावें. एकंदर चहा सुमारें ९२,००० पौंड वजनाचा. त्यास ३४२ नीं भागिलें असतां पेटीमागें सरासरी २७० पौंड, म्हणजे १२० किलोंहून अधिक भार येतो. मग एका पिशवींत दहा किलो वाळू भरून ती एकेकास उचलूं द्यावी. प्रश्न आपोआप निघतो: याच्या बारापट ओझें त्यांनीं फेकलें कसें? त्यांनीं पेट्या कप्पी-दोरांनीं जहाजाच्या तळांतून वर काढल्या, कुऱ्हाडींनीं फोडल्या आणि चहा पाण्यांत लोटला. कामास सुमारें तीन तास लागले. अर्थात् ती क्षणिक संतापाची दंगल नव्हती. तें विचारपूर्वक, कामाची वांटणी करून केलेलें कृत्य होतें. एवढें ज्ञान वाळूच्या पिशवीनें दिलें.

तसेंच, चहा महाग झाला म्हणून लोक चिडले, असें मुलें हटकून सांगतात. खरें पाहतां त्या वर्षींच्या कायद्यानें कंपनीचा चहा तेथें स्वस्तच पडणार होता. आक्षेप होता तो पौंडामागील तीन पेन्सांच्या कराला. कारण ज्या पार्लमेंटनें तो बसविला, त्यांत त्यांचा एकहि प्रतिनिधि नव्हता. स्वस्त वस्तु कोणी कां नाकारील, यावर मुलांस थोडा वेळ वाद करूं द्यावा.

परंतु हातांच्या कामालाहि मर्यादा आहे. बोस्टनच्या त्या मंडळींपैकीं कित्येकांनीं मोहॉक लोकांचें सोंग घेतलें होतें. तें त्यांनीं घेतलें, हें सांगावें. पण शाळेंत पिसें बांधून तेंच सोंग पुन्हां काढूं नये. मोहॉक लोक आजहि आहेत, आणि कोणाचें कुळ हा दुसऱ्याचा मुखवटा नव्हे. गुलामगिरीच्या प्रकरणीं तर अधिकच जपावें. एकास मालक व दुसऱ्यास गुलाम करून प्रवेश बसविण्याचा मोह शिक्षकांस होतो. अशा वेळीं गुलामाचें काम कोणाच्या वाट्यास येतें? फाटक्या सदऱ्याच्या, मागल्या बांकावरच्या मुलाच्या! खेळ संपतो, पण मुलें त्याला दिलेलें नांव पुढें वर्षभर चालवितात. दुःखाचें नाटक करण्यापेक्षां त्या दुःखांतून माणूस कसा वर आला, त्याचा अभ्यास हातांना द्यावा.

फ्रेडरिक डग्लस हा १८१८ सालीं मेरीलंड प्रांतांत गुलाम म्हणून जन्मला. बाल्टिमोर येथें घरच्या बाईनें त्याला अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. तिच्या नवऱ्यानें तें बंद पाडलें. पुढें जहाजें बांधण्याच्या कारखान्यांत त्यानें पाहिलें, कीं सुतार लांकडांवर खुणेचीं अक्षरें लिहितात: डाव्या बाजूस 'एल', उजव्या बाजूस 'एस', पुढील भागास 'एफ', मागील भागास 'ए'. चार अक्षरें हातीं आलीं. मग रस्त्यांतल्या पोरांना तो म्हणे, तुमच्याइतकें मलाहि लिहितां येतें. आणि तीं पोरें ऐटीनें पुढलीं अक्षरें काढून दाखवीत. कुंपण, भिंत व फरसबंदी ही त्याची वही, आणि खडू ही लेखणी. १८३८ सालीं तो दास्यांतून निसटला, आणि १८४५ सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें.

आपल्या मुलांना इंग्रजी अक्षरें ओळखीचीं असतात; म्हणून त्यांनीं लांकडी तुकड्यांवर कानडीचीं चार अक्षरें गिरवावीं, आणि पांचवें अक्षर पुस्तक व गुरु यांवांचून मिळवून आणावें. कोणी दुकानाच्या पाटीवरून उतरून आणील, कोणी एखाद्या सोबत्याला खुबीनें बोलका करील. विद्या चोरून घ्यावी लागणें म्हणजे काय, याची पुसट कां होईना, जाणीव त्यांस होईल.

अमेरिकेंत १८६५ सालीं घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. १८७३ सालीं पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या देशांतील दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. ज्या गांवांत विद्येचीं दारें पिढ्यान्‌पिढ्या बहुतेकांना बंद होतीं, त्या गांवांतील माणसाला सातासमुद्रांपलीकडचा हा इतिहास परका वाटला नाहीं. आपल्या मुलांनाहि तो परका वाटूं नये. त्यांच्या हातीं बीं द्यावें, तराजू द्यावा, खडू द्यावा, आणि मग त्यांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याची आपण तयारी ठेवावी.