न्यूट्रॉनांच्या साहाय्याने लिथियमची मोजणी

न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाची सुरुवात १९३६ साली कोपनहेगनमध्ये, नील्स बोर यांच्या संस्थेत झाली. गेओर्ग हेवेशी आणि हिल्डे लेव्ही यांनी रेडियम-बेरिलियम स्रोतातल्या न्यूट्रॉनांचा मारा करून यिट्रियममध्ये मिसळलेले डिस्प्रोशियम मोजले. न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी झालेल्या डिस्प्रोशियमचा अर्धायुकाल सुमारे २ तास २० मिनिटे असल्यामुळे मोजणीला पुरेसा अवधी होता.

लिथियमच्या बाबतीत तो मिळत नाही. नैसर्गिक लिथियममध्ये सुमारे ९२.५ टक्के लिथियम-७ असते. न्यूट्रॉन घेऊन त्याचे लिथियम-८ बनते, पण त्याचा अर्धायुकाल अवघा ०.८४ सेकंद, शिवाय त्याच्या क्षयातून ओळख पटवणारा गॅमा किरणही निघत नाही. नमुना अणुभट्टीबाहेर येईपर्यंत बहुतेक खूण पुसलेली असते.

वाट निघाली ती उरलेल्या साडेसात टक्के लिथियम-६मधून. मंद न्यूट्रॉन टिपण्यात ते लिथियम-७च्या सुमारे वीस हजार पट तरबेज आहे. न्यूट्रॉन टिपताच ते फुटते आणि अल्फा कण व ट्रायटन, म्हणजे ट्रिटियमचे केंद्रक, बाहेर पडतात. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षांचा, त्यामुळे ते सावकाश वेगळे काढून मोजता येते. १९६०च्या सुमारास रसायनज्ञांनी याहून देखणी युक्ती वापरली. वेगवान ट्रायटन शेजारच्या ऑक्सिजनवर आदळला की फ्लुओरिन-१८ तयार होते. त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आणि त्याच्या पॉझिट्रॉनमुळे निघणारे गॅमा किरण सहज मोजता येणारे. लिथियमचा हिशेब असा फ्लुओरिनच्या तोंडून ऐकायचा!

या पद्धतीत काळजी मात्र फार लागते. घन पदार्थात ट्रायटन मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच जातो; म्हणून लिथियम आणि ऑक्सिजन अगदी एकजीव मिसळलेले हवेत. नमुन्यात मुळात फ्लुओरिन असेल, तर वेगवान न्यूट्रॉन त्यातूनही फ्लुओरिन-१८ बनवतात आणि आकडा फुगतो. उलट लिथियम जास्त असेल, तर बाहेरचा थरच न्यूट्रॉन गिळतो, गाभ्यापर्यंत ते कमी पोचतात आणि आकडा घसरतो.

सर्वांत मोठी अडचण प्रयोगशाळेबाहेर निर्माण झाली. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ काढून घेतल्यावर उरलेले लिथियम बाजारात आले. त्यामुळे बाटलीतल्या लिथियमचा अणुभार ६.९९७पर्यंतही आढळतो, नेहमीचा ६.९४ धरून चालत नाही. फ्लुओरिन-१८ किंवा ट्रिटियम फक्त लिथियम-६ची साक्ष देतात. म्हणून एकूण लिथियम ज्योत-प्रकाशमापनासारख्या रासायनिक पद्धतीने वेगळे मोजावे लागते आणि दोन्ही आकड्यांवरून समस्थानिकांचे प्रमाण ठरते. तुलनेसाठी घेतलेल्या प्रमाण नमुन्याची समस्थानिक रचनाही आधी माहीत असावी लागते.